गाडीचा खोकला



गेले दोन-अडीच महिने मी इथं काही लिहिलं नाही. काहींनी मिस्सेनंतर हटकलं, "मास्तर, लेखणी वाळली काय?" लेखणी वाळली नव्हती. पण ज्या गोष्टीत मी गुंतलो होतो ती लिहायला लाज वाटत होती. गोष्ट साधी आहे. माझ्या गाडीच्या इंजिनातली एक चेन बदलायची की नाही, आणि बदलायची तर कधी, एवढंच. पण त्या प्रश्नानं मला ह्या उपवासकाळात जेवढं हलवलं तेवढं कुठल्या प्रवचनानं हलवलं नसेल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, आमच्या चर्चच्या आजारी-सेवा गटात आम्ही पाच जण आहोत. माझ्याकडे मंगळवार आणि शुक्रवार असतो. गावातल्या एका मावशींना डायलिसिससाठी बेळगावला न्यायचं. तीसेक किलोमीटरचा रस्ता. सकाळी साडेसहाला त्यांना मशीनवर घेतात, म्हणून पहाटे साडेपाचला निघावं लागतं. मशीनवर चार तास जातात. उशीर झाला तर मागच्या रोग्याची वेळ सुरू होते, आणि मावशींचे तास कमी होतात. हे सांगतो, कारण पुढं ते महत्त्वाचं आहे.

डिसेंबरातली एक पहाट. आगमनकाळ सुरू होता. खानापूर भागातलं धुकं तुम्हाला ठाऊकच आहे. मी सेल्फ मारला आणि इंजिनातून खडखड असा आवाज आला. पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवावेत तसा. दोन सेकंद आला आणि थांबला. मागच्या सीटवरून मावशी म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या गाडीला खोकला झालाय की वो."

"थंडी आहे मावशी. गाडीलाही लागते," मी म्हणालो, आणि जपमाळ सुरू केली.

त्यानंतर प्रत्येक पहाटे तो आवाज येत राहिला. दुपारी परत निघताना येत नसे. संध्याकाळी येत नसे. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्यांदा चालू करताना, तेवढाच. मला त्याचं बरंच वाटायचं. जो आवाज दोन सेकंदांत आपला आपण थांबतो, तो काय मोठा आजार असणार? मी एक सवय लावून घेतली. किल्ली फिरवायच्या आधी रेडिओ लावायचा.

फेब्रुवारीत ऑइल बदलायला म्हणून उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. उद्यमबाग म्हणजे बेळगावची फौंड्र्यांची आणि मशीन शॉपची वसाहत. मिस्त्रींनी तिथं उमेदीची वर्षं लेथवर काढली, मग स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यामुळं त्यांचा मापावर विश्वास, अंदाजावर नाही. मी सहज म्हणून सांगितलं, सकाळी जरासा आवाज येतो. ते म्हणाले, "मग आज गाडी इथंच ठेवा. सकाळी मी चालू करतो. गरम गाडीला विचारून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा त्यांनी आवाज ऐकलेला होता. बॉनेट उघडं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर आणि मूठ कानाला, अशी डॉक्टरसारखी तपासणी त्यांनी केली होती. बाहेरच्या बेल्टच्या पुलीचा आवाज आहे का, हे बघायला तो बेल्ट काढून क्षणभर इंजिन चालवून पाहिलं होतं. टॅपेटचा आवाज कसा असतो तो मला तोंडानं करून दाखवला. मग म्हणाले, "टायमिंग चेन आहे, मास्तर."

मी कला शाखेचा पदवीधर. इंजिन म्हणजे माझ्या लेखी पेट्रोल घालायची जागा. त्यांनी मला एका मोडलेल्या इंजिनाजवळ बसवलं आणि समजावून सांगितलं. मला जसं समजलं तसं तुम्हाला सांगतो.

इंजिनात खाली क्रँक फिरतो. पिस्टन त्याला जोडलेले असतात, ते वर-खाली होतात. वर कॅम फिरतो. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, म्हणजे हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची दारं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक झाला पाहिजे. ना थोडा आधी, ना थोडा नंतर. खालच्याला वरच्याशी बांधून ठेवते ती ही चेन. हायवेवर इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. माझ्या गाडीसारख्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह खाली जिथवर येतो, तिथवरच पिस्टन वर जातो. दोघं एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. वेळ चुकली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन फुटतो. हे घडायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

"चेन ताणली जाते म्हणजे लोखंड रबरासारखं लांबतं काय?" मी विचारलं. ते हसले. लोखंड लांबत नाही. सायकलची चेन आठवा. प्रत्येक कडीत एक पिन असते, आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक. दोन्ही घासतात. एका सांध्यात एका मिलीमीटरचा पन्नासावा भाग झिजला, तर ते कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही. पण चेनमध्ये असे सव्वाशे सांधे असले, तर सगळं मिळून अडीच मिलीमीटर होतं. तेवढ्यानं कॅम मागे पडू लागतो. इतिहास हा माझा विषय, म्हणून घरी येऊन मी शोधलं. सायकलीला असते तसली ही चेन हान्स रेनॉल्ड या माणसानं १८८० साली मँचेस्टरमध्ये तयार केली. तेव्हापासून तिचा रोग तोच आहे. ती एका जागी तुटण्याआधी सगळ्या जागी थोडी थोडी झिजते.

मग सकाळीच आवाज का? चेनला ताठ ठेवायला टेन्शनर असतो. त्याला बाहेर ढकलायला इंजिनातल्या ऑइलचा दाब लागतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं. सकाळी पहिले काही क्षण दाब नसतो, चेन सैल असते आणि बाजूच्या प्लास्टिकच्या गाइडवर आपटते. ऑइल वर पोचलं की आवाज बंद. चेन नवी असताना हा सैलपणा इतका थोडा असतो की ऐकू येत नाही. "म्हणजे आवाज थांबतो तेव्हा रोग बरा झालेला नसतो," मिस्त्री म्हणाले. "नुसता झाकलेला असतो."

मी सरळ विचारलं, "किती किलोमीटरला बदलायची असते?"

खरी अडचण इथंच होती. काही गाड्यांत चेनच्या जागी रबरी बेल्ट असतो. त्याला तारीख असते. अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं, जे आधी होईल ते. पुस्तकात छापलेलं असतं. तारीख आली की बेल्ट चांगला दिसत असला तरी बदलायचा, त्यात चर्चा नाही. चेनला बहुतेक गाड्यांत तशी तारीख नसते. ती इंजिनाच्या जन्माला पुरेल असं धरलेलं असतं, पण ते वेळेवर ऑइल बदलणाऱ्याच्या बाबतीत. माझ्या गाडीचं वय अकरा वर्षं, रनिंग १,३८,००० किलोमीटर. कुणाची ह्याच्या दुप्पट जाते, कुणाची ह्याच्या निम्म्यात संपते.

"तुम्ही ऑइल वेळेवर बदललंत ना?" त्यांनी विचारलं.

नाही बदललं. दहा हजार किलोमीटरला बदलायचं ते एका वर्षी मी सोळा हजारांपर्यंत नेलं. दुसऱ्या वर्षी ऑइलची पट्टी काढून बघितली नाही, आणि सर्व्हिसिंगला कळलं की जवळजवळ एक लिटर कमी होतं. मळलेलं आणि कमी ऑइल म्हणजे चेनच्या सांध्यांत घासणीची पूड. चूक गाडी बनवणाऱ्याची नव्हती, मिस्त्रींची नव्हती. माझी होती.

मिस्त्रींनी लगेच इंजिन खोलायला घेतलं नाही, हे मी आवर्जून सांगतो. आधी स्वस्तातला उपाय. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर. फिल्टरमध्ये एक झडप असते, ती खराब असली तर रात्री ऑइल जास्तच खाली उतरतं आणि असाच आवाज येतो. स्कॅनर लावून पाहिला. क्रँक आणि कॅमची वेळ जुळत नसेल तर गाडीचा कॉम्प्युटर ते नोंदवतो. तसं काही निघालं नाही. मग म्हणाले, "एक वही करा. रोज सकाळी किती सेकंद आवाज येतो ते लिहा. रेडिओ बंद ठेवून."

रेडिओचं त्यांना कसं कळलं, मला अजून माहीत नाही.

मी वही केली. ऑइल बदलल्यावर आवाज एका सेकंदावर आला. मला वाटलं, सुटलो. तीन आठवड्यांनी दोन. मार्चच्या सुरुवातीला चार.

पुन्हा मिस्त्रींकडे गेलो आणि खर्च विचारला. चेन, टेन्शनर, गाइड आणि दातेरी चक्रं यांचा ओरिजिनल सेट ११,८०० रुपये. ऑइल, फिल्टर, पुढचं ऑइल सील, पॅकिंग मिळून ४,१००. मजुरी ५,५००. एकूण २१,४०० रुपये आणि चार दिवस. चेननं दगा दिला तर हेड उतरवावं लागेल, तेव्हा साठ हजारांच्या खाली काम होणार नाही, असं ते म्हणाले. घरात त्या वेळी बाजूला ठेवलेले पंचवीस हजार होते. ते छपराचे होते. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरावरचे दोन वासे कुजले होते, आणि कौलं उतरवून ते बदलायचं ठरलेलं होतं.

आता जे लिहितो ते लिहायलाच मी इतके दिवस टाळत होतो.

घरी कुणी तरी सुचवलं, विकून टाका. एक एजंट ओळखीचा होता. तो आला, गाडी बघितली, आवाजाचं मीच सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय मास्तर? जरा जाड ऑइल घाला. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी फिरवून आणा. गरम गाडी बोलत नाही."

मी जाड ऑइल घातलं नाही. पण गिऱ्हाइकाला मी रविवारी मिस्सेनंतर बोलावलं. मिस्सेला मी गाडीनंच गेलो होतो. इंजिन गरम होतं. हे ठरवून केलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण चर्च माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि एरवी मी चालत जातो.

गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गावचा एक तरुण. गावातल्या सहा-सात मुलांना खानापूरच्या शाळेत सोडायचं काम त्याला मिळणार होतं. त्यानं गाडी चालवून बघितली, खूश झाला. "तुमची गाडी म्हटल्यावर मी काय जास्त विचारणार, मास्तर?" म्हणाला. त्यानं काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. बुधवारी आगाऊ रक्कम घेऊन येतो म्हणून तो गेला.

त्याच सकाळी, मिस्सेआधीच्या वर्गात, पहिल्या कुमसाराची तयारी करणाऱ्या मुलांना मी खोटेपणा शिकवला होता. म्हणजे, खोटं म्हणजे काय ते शिकवलं होतं. मी म्हटलं होतं की तोंडानं खोटं बोलता येतं तसं गप्प राहूनही बोलता येतं. उदाहरण दुधात पाणी घालणाऱ्याचं दिलं होतं. नेहमी तेच देतो. मुलांनी वहीत लिहून घेतलं.

तरीही, वाचकहो, रविवारी माझं मन बदललं नाही. सोमवारीही नाही. मी हिशेब करत होतो. त्यानं विचारायला हवं होतं. जुनी गाडी घेणारा मिस्त्रीला घेऊन येतो. मी किंमतही थोडी कमीच सांगितली होती. सद्सद्विवेक गप्प बसत नाही असं आपण मुलांना सांगतो. माझा अनुभव असा की तो गप्प बसतो. त्याला हिशेब ऐकवत राहिलं की तो ऐकून घेतो.

मंगळवारी पहाटे सेल्फ मारला. सहा सेकंद. मावशी मागे बसल्या होत्या, शाल गुंडाळून. गाव सोडेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाडी विकालाय म्हणे."

"हो मावशी. बघू. तुमची सोय दुसऱ्या गाडीनं होईल, काळजी नको."

"माझं नाही वो. घेणाऱ्याला खोकल्याचं सांगितलंय नव्हं?"

त्यांनी हे टोचून विचारलं नाही. पोरगी सासरी पाठवताना आई जशी विचारते, औषध दिलंय ना बरोबर, तसं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. जपमाळ सुरू केली, आणि दुसऱ्या दशकात मला पुढचं सुचेना. मावशींनीच ती पुढं नेली.

त्यांना मशीनवर घेतल्यावर मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून त्या तरुणाला फोन केला. सगळं सांगितलं. सहा सेकंद, ऑइल, एकवीस हजार, सगळं. गरम इंजिनाचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मी कर्ज काढून घेणार होतो." त्यानं गाडी घेतली नाही. त्याच्या आवाजात मला आधीचा तो आदर ऐकू आला नाही, आणि तो मी परत मागूही शकत नव्हतो.

आता गाडी माझीच होती आणि प्रश्न जिथल्या तिथं. करायचं काय?

त्या रात्री मी आणि पत्नी वही घेऊन बसलो. तिनं विचारलं, "अहो, गाडी नेमकी कधी बंद पडेल?" मी म्हटलं, ते कुणी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "मग दुसरं विचारते. बंद पडली तर तेव्हा गाडीत कोण असेल?"

हा प्रश्न मी तोवर घातलाच नव्हता. मी विचार करत होतो तो पैशांचा. २१,४०० आज की साठ हजार कधी तरी. कधी तरी म्हणजे कदाचित कधीच नाही, असा मनात छुपा हिशेब. पण आठवड्यातून दोन पहाटे त्या गाडीत असं एक माणूस असतं, ज्याला रस्त्याकडेला उभं राहून दुसऱ्या गाडीची वाट बघणं परवडणारं नाही. मे महिन्यात वर्गातल्या मुलांना घेऊन चोर्ला घाटानं जुन्या गोव्याला जायचं ठरलं होतं. घाटात इंजिन अचानक बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. माझ्या एकट्यापुरती गाडी असती, बाजारहाटापुरती, तर मी आणखी थोडा थांबलो असतो, आणि ते चुकीचंही झालं नसतं. कधी बदलायचं हे नुसत्या चेनच्या झिजेवर ठरत नाही. गाडीत कोण बसतं आणि गाडी कुठं जाते, त्यावरही ठरतं.

त्याच गुरुवारी टिळकवाडीत ट्रॅफिकमध्ये उभा असताना, इंजिन पूर्ण गरम असताना, मला तीच बारीक खडखड ऐकू आली. मिस्त्रींनी बजावून ठेवलं होतं की आवाज गरम गाडीत यायला लागला की वही मिटायची. मी वही मिटली. शुक्रवारच्या फेरीसाठी दुसऱ्याची गाडी मागितली, आणि माझी उद्यमबागेत नेऊन उभी केली.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा तो आठवडा. गटातल्या दुसऱ्या दोघांनी माझे वार वाटून घेतले. फादरनी स्वतः एक शुक्रवार केला. मला वाटत होतं की माझ्यावाचून अडेल. अडलं नाही.

जाण्यापूर्वी मी एक शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, नुसता टेन्शनर नवा घातला तर? तो स्वस्त आहे. मिस्त्री म्हणाले, "आवाज बंद होईल. चेन तशीच राहील. मापून बघू. माप आत असलं तर मीच सांगीन, चेन राहू द्या. पण न मापता नुसता टेन्शनर घालणं म्हणजे पेशंटच्या तोंडाला हात लावणं."

त्यांनी खोललं तेव्हा मी मुद्दाम गेलो. ऑइलचं चेंबर उतरवल्यावर तळाशी तपकिरी प्लास्टिकचे तीन तुकडे निघाले. गाइडचे. त्यातला एक ऑइल ओढणाऱ्या जाळीला चिकटलेला होता. टेन्शनरचा दांडा जवळजवळ शेवटच्या खाचेवर आला होता. चेनचं माप घ्यायची रीत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ठराविक ताण द्यायचा, ठराविक कड्यांची लांबी मोजायची. लांबी मर्यादेच्या जरा पलीकडे गेली होती. मग त्यांनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगली. वर दोन्ही सारख्या. खाली जुनी अर्ध्या कडीहून कमीच लोंबत होती. मी वाकून बघितलं. एवढंच? एवढ्यासाठी माझं छप्पर गेलं?

"अजून चालली असती काय हो?" मी विचारलं.

"चालली असती की," ते म्हणाले. "कुठवर, ते कुणी सांगावं?"

हे उत्तर मला तेव्हा आवडलं नाही. मला वाटत होतं त्यांनी म्हणावं, अहो वाचलात, उद्याच तुटणार होती. म्हणजे माझा निर्णय बरोबर ठरला असता. पण मिस्त्री खोटं बोलले नाहीत. वेळेवर घेतलेल्या निर्णयाला बहुधा पुरावा मिळत नाही. जे घडलं नाही ते दाखवता येत नाही.

नवी चेन बसवताना त्यांनी रंगीत कड्या चक्रांवरच्या खुणांशी जुळवल्या. मग सगळं बंद करायच्या आधी पान्यानं क्रँक हातानं फिरवला, पूर्ण दोन फेरे, अगदी सावकाश. खुणा परत तपासल्या. मी म्हटलं, सेल्फ मारून बघता येणार नाही का? ते म्हणाले, "हाताला अडलं तर कळतं, थांबता येतं. सेल्फला कळत नाही." पुन्हा दोन फेरे. मग झाकण.

गेला महिनाभर मी रात्री झोपण्यापूर्वीचं आत्मपरीक्षण तसं करायचा प्रयत्न करतो. हातानं, सावकाश, दिवस एकदा फिरवून बघायचा. अडतं कुठं? आणि शक्यतो सकाळी, मन थंड असताना, लोक भेटायच्या आधी. दिवसा मीही गरम इंजिनासारखाच असतो. सगळं सुरळीत चाललेलं असतं, आवाज येत नाही.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांच्यासाठी, मला कळलं तेवढं. गाडीच्या पुस्तकात बघा, आत बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल तर तारीख पाळा. चेन असेल तर ऑइल वेळेवर बदला आणि महिन्यातून एकदा पट्टी काढून बघा, माझ्यासारखं करू नका. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना रेडिओ बंद ठेवा, काच खाली करा. आवाज आला तर घाबरून लगेच खर्च करू नका, आधी ऑइल-फिल्टर बघा, आणि दिवस नि सेकंद लिहून ठेवा. सेकंद वाढत असतील तर पैशांची सोय करायला लागा. आवाज गरम इंजिनातही येत असेल, किंवा आवाजाबरोबर चेक इंजिनचा दिवा लागला, तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. बदलाल तेव्हा चेनबरोबर टेन्शनर, गाइड, चक्रं सगळं बदला, मजुरी तेवढीच पडते. आणि विकायची असेल तर जरूर विका, त्यात पाप नाही. गिऱ्हाइकाला सकाळी बोलवा.

हे लिहितोय तेव्हा जून सुरू आहे. छपरावर कौलांखाली ताडपत्री घातली आहे, आणि स्वयंपाकघरात एका जागी बादली ठेवली आहे. पत्नी काही म्हणत नाही. बादली भरली की मीच ओततो. वासे पुढच्या उन्हाळ्यात.

मागच्या मंगळवारी पहाटे मावशी गाडीत बसल्या. सेल्फ मारला, इंजिन गुपचूप चालू झालं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "बरी झाली की गाडी." मग जरा थांबून, "तुम्ही बरे आहात नव्हं मास्तर?"

हो म्हणालो. मग आम्ही जपमाळ सुरू केली. धुकं नव्हतं, पाऊस होता.

हे प्रभो, जो आवाज दोन सेकंदांत थांबतो तो ऐकायला आम्हाला कान दे, आणि आमच्या मागच्या सीटवर बसलेल्यांची आठवण दे. आमेन.